काउंटरवरून : जिन्याखालचा फोन

मागच्या महिन्यात या पानावर सहज लिहून गेले होते की कॉलेजात आल्यापासून तुमचं काय काय झालं ते कळवा, मार्कांचं सोडून. वाटलं चार-सहा पत्रं येतील, पण संपादकांनी गठ्ठाच हातात दिला, काही वहीचं पान फाडून लिहिलेली, काही छापील आणि बरीचशी व्हॉट्सअॅपवर रात्री दीड-दोनला टाइप केलेली (झोपता कधी रे तुम्ही?). नवीन वाचकांसाठी सांगते, मी कुणी समुपदेशक नाही, खान्देशातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, एकवीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेय आणि तिथून जेवढं दिसतं तेवढंच सांगते. सगळ्यांची नावं काढलीत, आणि ज्यांनी "मॅडम, गाव पण नका लिहू" म्हटलंय त्यांचं गावही.

प्रश्न : मॅडम, मी साक्री तालुक्यातला, जळगावला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी सेमिनार देत होतो, चांगला चालला होता, आणि मध्येच तोंडातून निघून गेलं, "आते ह्या स्लाइडमा आपण बघू". सगळा वर्ग हसला, सरपण हसले. तेव्हापासून माझं नाव 'स्लाइडमा' पडलंय, प्रेमानेच म्हणतात, मीपण हसतो. पण आता असं झालंय की मायचा फोन आला आणि तिने "काय करी राहिना रे" विचारलं की रूममध्ये कुणी असेल तर मी मराठीत उत्तर देतो, नाहीतर फोन घेऊन जिन्याखाली जातो. परवा माय म्हणाली तू मोठा साहेब झाला. रागाने नाही बोलली. पण बदललो का मी?

उत्तर : पहिले मला हे सांग की त्या वाक्यात चुकलं काय? घरमा, वावरमा, गावमा, तसं स्लाइडमा. इंग्रजी शब्दाला अहिराणी विभक्ती इतकी बेमालूम लागली की मराठीच्या मॅडमनी तुला दोन मार्क वाढवून द्यायला पाहिजे होते. अहिराणी म्हणजे बिघडलेली मराठी असं आपल्याकडे चांगली शिकलेली माणसं बोलतात, आणि ऐकून ऐकून बोलणाऱ्यालाच ते खरं वाटायला लागतं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ग्रिअर्सन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने देशभरच्या भाषांची पाहणी छापली, त्यात खान्देशी (आपली अहिराणी तिच्यातच येते) त्याने मराठीच्या खंडात घातलीच नाही, भिली भाषांच्या खंडात वेगळी मांडली. २०११च्या जनगणनेतही खान्देशी वेगळीच मोजलीय आणि अठरा लाखांवर लोकांनी ती मातृभाषा म्हणून सांगितलीय. हे तुझ्या मित्रांना सांगत बसू नकोस पण, जनगणनेचे आकडे ऐकून आजवर कुणी चिडवायचं थांबलेलं नाही. हे तुझ्यासाठी आहे.

आणि जे हसले ते कोण होते? जळगावची पोरं असणार. तीच पोरं पुण्याला गेली की मेसच्या टेबलावर "काय करून राहिला" निघतं आणि मग त्यांना दुसरं कुणीतरी हसतं, आणि त्या हसणाऱ्याला मुंबईत कुणीतरी. धुळ्याकडचा साक्रीवाल्याला हसतो, साक्रीवाला धडगाववाल्याला. मी तर शिंदखेड्याकडची, आम्हाला दोन्ही बाजूंनी हसायचे.

तुझ्या मार्कशीटवर वरती नाव कुणाचं छापलंय ते बघ जरा. २०१८ साली विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव दिलं. आता प्रत्येक गॅदरिंगच्या भाषणात ते नाव येतं, इतक्या वेळा की पोरं तेवढ्यात मोबाईल बघून घेतात, आणि मुद्दा राहतो बाजूला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, माहेर आसोदं, दिलं जळगावात, काम करता करता जे सुचेल ते मले-तुलेच्या बोलीत म्हणायच्या आणि मुलाने, सोपानदेवांनी, ते लिहून घेतलं म्हणून राहिलं. सोपानदेव तेव्हा "आई, जरा शुद्ध बोल" म्हणाले असते तर तुझ्या मार्कशीटवर आज दुसरंच काहीतरी छापलेलं असतं.

बदललास का? हो, बदलला असशीलच, त्यासाठीच तर घरच्यांनी पाठवलंय. सेमिनारला सेमिनारची मराठी बोल, इंटरव्ह्यूला इंग्रजी बोल, त्यात लाज नाही की ढोंगही नाही. माझं म्हणणं फक्त जिन्याखालच्या फोनबद्दल आहे, आणि ते अनुभवातून आहे. मी १९९६ साली हॉस्टेलला आले तेव्हा मीपण असंच केलं, जिना नव्हता, एसटीडी बूथ होता आणि मागे लाइनीत मुली उभ्या असायच्या, म्हणून मी मायशी मराठीत बोलायचे, तीनच मिनिटं तर बोलायचंय म्हणून. मग लग्न झालं, नोकरी लागली, तीच सवय राहिली. आता माझी माय अठ्ठ्याहत्तरची आहे. शेजारणीशी, गायीशी, भांड्याकुंड्यांशी अहिराणीत बोलते, भांडते, आणि मी दारात दिसले की थांबते, पदर नीट करते आणि म्हणते, "या, बसा, चहा घेता का." माझ्याशी ती पाहुण्यासारखं बोलते रे. मी म्हटलं तिला एकदा, माय, माझ्याशी नेहमीसारखं बोल ना, तर म्हणाली, "तुले समजी का आते?" चेष्टेत म्हणाली पण मला दिवसभर काही सुचलं नाही.

तेव्हा पुढचा फोन आला की रूममध्येच उचल. पहिल्या दिवशी हसतील, चौथ्या दिवशी कुणीतरी मध्येच ओरडून तुझ्या मायला विचारेल की डबा कधी पाठवता. पैज लावते.

प्रश्न : मी धरणगावजवळच्या गावातून जळगावला अपडाऊन करते. एस.वाय. बी.कॉम. पहाटे उठायचं, स्टेशन, गाडी, कॉलेज, आणि संध्याकाळची गाडी चुकू नये म्हणून शेवटचं लेक्चर अर्धं सोडून पळायचं. मॅडम, सगळे म्हणतात कॉलेज लाइफ, कॉलेज लाइफ, मला ते कुठे भेटलंच नाही, जे काही होतं ते मी गेल्यानंतर होतं आणि रात्री मी त्याचे स्टेटस बघते. यावर्षी युवारंगसाठी (विद्यापीठाचा युवक महोत्सव) मूकनाट्यात माझं सिलेक्शन झालंय, सर म्हणाले चेहरा छान बोलतो तुझा. पण प्रॅक्टिस पाच ते आठ. पप्पा म्हणाले विषय संपला. मला रडू येतंय पण पप्पा वाईट नाहीयेत.

उत्तर : "पप्पा वाईट नाहीयेत" हे तू न विचारता लिहिलंस, म्हणून तुला उत्तर द्यायला सोपं आहे. त्यांना नाटक नकोय असं मला वाटत नाही, त्यांना रात्री साडेआठला स्टेशनच्या बाहेर तुझी वाट बघत उभं राहणं नकोय. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तू बहुतेक पहिल्यावर भांडलीस.

मग काय करायचं. मूकनाट्यात सहा जणं आणि पाच मिनिटं, एवढाच खेळ. समूहगीतात वगैरे एखादी नसली तर चालून जातं, इथे सहातली एक नाही आली की बाकीचे पाच जण भिंत बनून उभे राहतात आणि दार कोण बनणार असं होतं. म्हणजे सरांना तुझी गरज आहे, त्यांच्याशी बोलायला घाबरू नकोस. सांग की मला दुपारी दीड ते साडेतीन जमतं, रोज. हॉस्टेलची पोरं दुपारी काही मोठी कामं करत नसतात, जेवून लायब्ररीत येऊन पंख्याखाली झोपतात, मी रोज बघते. टीममध्ये तू एकटीच अपडाऊनची नसशील तर अजूनच सोपं. शेवटचे पाच-सहा दिवस मात्र संध्याकाळी थांबावं लागेलच, त्यासाठी विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडून लेखी पत्र घे, त्यात तारखा, वेळा, सोबत कोण मॅडम आहेत आणि त्यांचा फोन नंबर. तोंडी सांगितलेलं पप्पांना खोटं वाटतं, लेटरहेडवर शिक्का असला की वेगळं वाटतं, मी स्वतः बाप लोकांना ते पत्र चष्मा लावून दोनदा वाचताना बघितलंय. त्या पाच दिवसांसाठी हॉस्टेलला गेस्ट म्हणून राहता येतं का ते रेक्टर मॅडमना विचार, नाहीतर मैत्रिणीकडे, आणि तेही नाही जमलं तर उशिराची एसटी बघ, बायकांना २०२३च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे, पण मग पप्पांना स्टँडवर यावं लागेल, ते त्यांनाच ठरवू दे. आणि आधी मम्मीशी बोल. पप्पांना ती कोणत्या वेळेला सांगायचं ते बरोबर ओळखते.

आता कॉलेज लाइफ भेटलं नाही याबद्दल. मला तुझं म्हणणं अर्धं पटतं. खरंच काही गोष्टी हुकतात, आमच्याकडे रीडिंग रूमच्या रजिस्टरवर संध्याकाळी सहानंतर अपडाऊनवाल्या एकाही मुलीची सही नसते, वर्षानुवर्षं नसते, आणि कॉलेजं सगळे कार्यक्रम संध्याकाळी ठेवतात याचा कुणी विचार करत नाही (हे मी आमच्या मीटिंगमध्ये बोलले होते, मिनिट्समध्ये आलं, पुढे काही झालं नाही). पण गाडीतलं काय? तुमच्या डब्यात काय चालतं ते मला माहितीये, एकीने पुढच्या स्टेशनला चढणाऱ्या चौघींच्या जागेवर ओढण्या टाकून ठेवायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या काकूंशी भांडायचं, प्रॅक्टिकलच्या फाइली मांडीवर घेऊन पूर्ण करायच्या, अक्षर वेडंवाकडं आलं की सर विचारतात आणि तुम्ही सांगता की सर, इथे पाळधी आलं. एका मुलीने मला परत केलेल्या पुस्तकात शेंगदाण्याची टरफलं, केसांची पिन आणि महिन्याचा पास सापडला होता. ती पिन मी तिला नेऊन दिली तर म्हणाली, मॅडम, ही माझी नाही, डब्यातली आहे. डब्यातली म्हणजे सगळ्यांची. हॉस्टेलवाल्यांकडे स्टेटस टाकायला फोटो जास्त असतात इतकंच.

सिलेक्शनचं काय झालं ते मात्र कळव.

प्रश्न : मेसमध्ये रोज बटाटा. बटाटा-वांगं, बटाटा-मटर, बटाटा-बटाटा. काय करू? (धुळे)

उत्तर : बटाटा-वांगंमधला बटाटा बाजूला काढ. हे झालं गंमतीचं. खरं सांगू, थंडी पडू दे, मित्रांपैकी कुणाचं तरी वावर यावल-भुसावळकडे असेलच, शनिवारी सगळे मिळून जा, हिरवी भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजा, मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून तेल, सोबत पुऱ्या नाहीतर कळण्याची भाकरी. एवढं एकदा पोटभर खाल्लं की पंधरा दिवस बटाटा सहन होतो. आमच्या जळगावच्या भरताच्या वांग्याला जीआय मानांकन मिळालंय, तुमच्या मेसच्या बटाट्याला मिळायची शक्यता कमी आहे. आणि मेसवाल्या मावशींना एकदा विचार की रविवारी वरण-बट्टी करता का, पोरं मिळून जास्तीच्या तुपाचे पैसे देतो म्हणाव. बऱ्याच जणी हो म्हणतात, त्यांनापण बटाट्याचा कंटाळा आलेला असतो.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, चोपड्याकडचा. चार विषय राहिले. घरी सांगितलं नाही. वडील फोनवर विचारतात रिझल्ट लागला का, मी म्हणतो नाही लागला अजून, दोन महिने झाले हेच चाललंय. यंदा कपाशीलाही काही भाव नाही भेटला, त्यांनी माझ्या फीसाठी उसने घेतलेत हे मला काकांकडून कळलं. रूमवर सगळे झोपले की मी जागा असतो, काय काय विचार येतात, कधी वाटतं आपण नसतोच तर त्यांचे पैसे तरी वाचले असते. पत्र छापू नका वाटलं तर.

उत्तर : छापतेय, कारण असंच पत्र या गठ्ठ्यात अजून दोघांचं आहे आणि तिघांनाही वाटतंय की असं आपलंच झालं.

तुझ्या शेवटच्या ओळीबद्दल आधी. मनात "मरून जावं", "आपण नसलेलं बरं" असं येत असेल तर ते आज कुणालातरी मोठ्याने सांग, रूममेटला उठवून सांग, झोपमोड झाली तरी चालेल. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तू मला पत्र लिहिलंस म्हणजे तुला बोलायचंय, पण माझं उत्तर महिन्याने छापून येतं, फोन लगेच उचलतात. आमच्या कार्यालयातून तुला या आधीच मेसेज गेलाय, त्याला उत्तर दे.

आता रिझल्ट. वडिलांना फोनवर सांगू नकोस, गावी जा. रात्री जेवताना पण नको. शेतात जातात तेव्हा सोबत जा, दोघं एकाच दिशेने चालत असलात की बोलणं सोपं जातं, समोरासमोर डोळ्यात बघायला लागत नाही. पहिलं वाक्य पाठ करून जा, कारण तेच अडतं. "अण्णा, रिझल्ट दोन महिन्यांपूर्वीच लागला, माझे चार विषय गेले, मी खोटं बोललो." बस. कारणं नंतर. आणि खिशात एक कागद ठेव, कोणते चार विषय, परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा, फी किती, कोणते दोन या वेळेला सुटतील आणि कोणते पुढच्या वेळेला. ते रागावतील. बहुतेक विषयांपेक्षा दोन महिन्यांच्या खोट्यासाठी रागावतील, आणि तो राग बरोबरच आहे, तो ऐकून घे. कपाशी करणाऱ्या माणसाला एखादं पीक गेलं म्हणजे काय हे तुझ्यापेक्षा जास्त कळतं, बोंडअळी काय, अवेळी पाऊस काय, त्यांनी कितीदा पेरलंय आणि मोडलंय. त्यांना न सांगता ठेवलेलं नुकसान मात्र सोसत नाही, कारण त्याचा हिशेब मांडता येत नाही.

काकांना आधी सांगून ठेवायचं असेल तर ठेव. आणि परत आल्यावर चार विषयांची जुनी प्रश्नपत्रिकांची फाइल लायब्ररीत मागून घे, प्रत्येक कॉलेजात असते, कुणी मागतच नाही.

प्रश्न : ग्रॅज्युएशननंतर सगळे एमपीएससीसाठी पुण्याला चाललेत. मीपण जाऊ का? (शिरपूर)

उत्तर : "सगळे चाललेत" हे कारण असेल तर नको. २०२५पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा लेखी झालीय, नुसते गोल काळे करून भागत नाही, पानंच्या पानं लिहावी लागतात, आणि लिहायची सवय शिरपूरच्या अभ्यासिकेत बसूनही लागते. सहा महिने रोज एक उत्तर लिहून बघ, कुणाकडून तरी तपासून घे. तेवढं टिकलं तर मग पुण्याच्या कॉट बेसिसचं भाडं काढायचं बघू.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यातली, पावरा आदिवासी, नंदुरबारला बी.ए. करते. मॅडम, कॉलेजात ट्रॅडिशनल डे आला की सगळे माझ्यामागे लागतात की तू तुमच्या ड्रेसमध्ये ये ना, चांदी घालून ये ना, होळीचा डान्स कर ना. इतर वेळेला मला कुणी काही विचारत नाही. आणि खरी होळी येते तेव्हा मी आठवडाभर घरी जाते तर अटेंडन्स गेली म्हणून बोलणी बसतात. मला नाचायला आवडतं. पण तिथे नाही आवडत. हे कसं सांगायचं?

उत्तर : तुझं पत्र मी तीनदा वाचलं, कारण ते थोडंफार माझ्यावरच आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी सांस्कृतिक समितीत होते. गॅदरिंगला लोकनृत्य बसवायचं होतं आणि तुझ्याच भागातली एक मुलगी आमच्याकडे होती, मी तिला म्हटलं दागिने खरे आण हं, भाड्याचे नको, खोटे दिसतात. ती म्हणाली, मॅडम, ती आजीची चांदी आहे, होळीलाच निघते. मी म्हटलं, अगं एक दिवसच तर पाहिजे. तिने आणली. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली, उचलून बघितली तर मनगट दुखलं इतकी जड. नाच झाला, टाळ्या झाल्या, बक्षीसही मिळालं. पण मला आठवतं ते ग्रीनरूममधलं, बाकीच्या मुली आरशासमोर लिपस्टिक नीट करत होत्या, सेल्फी काढत होत्या, आणि ही कोपऱ्यात ते गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती, पाणी प्यायलाही उठली नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन फोटो आले. लावणी केलेल्या मुलीच्या फोटोखाली तिचं नाव, कुठल्या वर्गात आहे ते. हिच्या फोटोखाली "आदिवासी वेशभूषेतील विद्यार्थिनी". मी ते कात्रण नोटीस बोर्डवर लावलं. तेव्हा माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही, दोन वर्षांनी बोर्ड साफ करताना कात्रण हातात आलं तेव्हा आलं.

म्हणून मी तुला "आपली संस्कृती दाखवायची संधी आहे, कर" असं सांगणार नाही. "नाही" एवढं म्हटलं तरी पुरे आहे, कारण द्यायची गरज नाही. आणि कधी मनापासून करावंसं वाटलं तर अटी तू घाल, कोणतं नाचायचं, काय घालायचं, सोबत कोण, आणि स्टेजवरून सांगताना माझं पूर्ण नाव आणि गाव घ्यायचं. सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीला रात्रभर ढोल वाजतात, पहाटे होळी पेटते, त्याच्या आधी आठवडाभर भोंगऱ्या बाजार, लोक डोंगर उतरून चालत येतात. त्याचे तीन मिनिटं चाळीस सेकंद काढून ट्रॅकवर नाचायचं की नाही हे तुझ्यावर आहे. मैत्रिणी खरंच उत्सुक असतील तर त्यांना म्हणाव होळीला चला माझ्या घरी, शहाद्याच्या पुढे कधी गेलाय का? निम्म्या गळतील. ज्या येतील त्या तुझ्या.

अटेंडन्सचं साधं गणित सांगते. ७५ टक्के लागते म्हणजे चौथा हिस्सा सुट्टी तुझ्या हातात आहे, सत्राचे ९० दिवस धरले तर बावीस दिवस. होळीचे सात त्यातून काढून ठेव, बाकी वेळी विनाकारण बुडवू नकोस, आणि जायच्या आठ दिवस आधी विभागप्रमुखांना अर्ज दे, कारण "होळी" असंच लिही. "आजारी" लिहू नकोस. दिवाळीला कुणी आजारी पडत नाही.

प्रश्न : मॅडम, मी आता विद्यार्थी नाही, तरी लिहू का? पारोळ्याकडचा आहे, चार वर्षांपूर्वी एस.वाय.ला कॉलेज सोडलं, घरची अडचण होती, सुरतला मामाकडे आलो, उधन्याला साड्यांच्या कामाला आहे. पगार बरा आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी गेलो की बरोबरची पोरं भेटतात, पत्ते खेळता खेळता कॉलेजचं बोलतात, कोणत्या सरांची कोण नक्कल करायचं, गॅदरिंगला लाइट गेली तेव्हा काय झालं, मी त्या लाइट गेलेल्या गॅदरिंगला नव्हतो पण मला आता इतकं पाठ झालंय की मीपण सांगतो. हॉटेलात बिल मीच देतो कारण कमावतो मीच. पण मनात वाटतं बी.ए. करावं. आयकार्ड अजून पाकिटात आहे. आणि लायब्ररीचं एक पुस्तक माझ्याकडेच राहून गेलं, ते परत केलं नाही म्हणून मी कॉलेजात दाखला काढायलाही गेलो नाही. काय दंड होईल?

उत्तर : लिही की, कुणी अडवलंय. आयकार्ड पाकिटात आहे ना.

तू चार वर्षं दाखल्याला गेला नाहीस ते पुस्तकामुळे हे वाचून मी कपाळाला हात लावला, आणि मग आठवलं की आमच्या यादीतही अशी पुस्तकं आहेत, आणि त्या पोरांची नावं मी दरवर्षी "येणे बाकी"मध्ये पुढच्या पानावर उतरवते. कधी वाटलंच नाही की तिकडे कुणीतरी त्यापायी अडून बसलं असेल. दंडाचं म्हणशील तर प्रत्येक कॉलेजचा नियम वेगळा, पण बऱ्याच ठिकाणी पुस्तकाच्या किमतीच्या वर फार जात नाहीत, आणि समोर उभा राहून खरं सांगितलं की ग्रंथपाल बहुतेक वेळा कमीच करतो. आम्हाला दंडापेक्षा पुस्तक पाहिजे असतं, ऑडिटला तेच मोजतात.

शिकायचं तर सुरतची नोकरी न सोडता होतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९पासून याचसाठी आहे, बी.ए. घरी अभ्यास करून होतं, अभ्यासकेंद्र गावाजवळचं निवड म्हणजे परीक्षेला रात्रीच्या गाडीने येता येईल. तुझी आधीची पास झालेली वर्षं धरतात का हे प्रवेशाच्या वेळी केंद्रावर विचारून घे, सोबत जुन्या सगळ्या मार्कशीट ने, कॉपी नको, ओरिजिनल. दाखला तर लागेलच. सेठजींना परीक्षेच्या सुट्टीचं आधीच सांगून ठेव, सीझनमध्ये ऐनवेळी मागितली तर देणार नाहीत.

आणि त्या लाइट गेलेल्या गॅदरिंगचं सांगत जा बिनधास्त. आमच्याकडचे सर निवृत्त होताना अशाच एका वर्षाचं इतकं रंगवून बोलले, आणि त्या वर्षी ते आमच्याकडे लागलेसुद्धा नव्हते.

पुस्तक आणशील तेव्हा शेवटच्या पानाला चिकटवलेलं पाकीट बघ, त्यात कार्ड असेल तर तसंच राहू दे, काढू नकोस. ते नसलं की आम्हाला सगळं नव्याने लिहावं लागतं.